कै. न्यायमूर्ती माधवराव रानडे आणि गहाण पडलेली घरेदारे

कै. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव निघाले की सामाजिक परिषद, प्रार्थनासमाज, पुण्याची सार्वजनिक सभा आणि मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचा त्यांनी लिहिलेला इतिहास यांचे आपणांस सहजच स्मरण होते. या कार्याचे गुणवर्णन अनेक थोर लेखकांनी केलेले आहे. तथापि माधवरावांच्या सरकारी नोकरीतील सुमारे नऊ वर्षे ज्या कामी खर्ची पडली, त्या कामाचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत उरकला जातो. ते काम म्हणजे कर्जापायी जमीन व घर गहाण पडलेल्या कुळांचे आणि त्यांच्या सावकारांचे हिशेब मुळापासून तपासण्याचे. ज्या चार जिल्ह्यांत हे काम चालले, त्यांत आपला सोलापूर जिल्हा एक होता. आपल्या समाजात शेतीवर, मागावर, गिरणीत, दुकानदारीवर व नोकरीवर पोट भरणारी सर्व प्रकारची कुटुंबे आहेत; आणि घरावर वा जमिनीवर कर्ज काढण्याचा प्रसंग कोणत्या घराण्यावर आला नाही? म्हणून माधवरावांच्या चरित्राची ही बाजू या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवणे उचित होईल असे वाटते.

माधवरावांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे ता. १८ जानेवारी १८४२ रोजी झाला. वडील गोविंदराव नोकरीनिमित्त कोल्हापुरास गेल्यामुळे त्यांचे बालपण व आरंभीचे शिक्षण तेथेच झाले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली, तींत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत ते एक होते. १८६२ साली बी. ए., १८६४ साली एम. ए. आणि १८६६ साली एलएल. बी. अशा पायऱ्या ते चढत गेले. या काळात वाचनाच्या अतिरेकाने त्यांची दृष्टी इतकी अधू झाली की कित्येक दिवस दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. ज्यांना पुढे हजारो दाव्यांचे कागद नजरेखालून घालावयाचे होते, त्यांची ही शारीरिक अडचण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शिक्षण संपल्यावर काही काळ त्यांनी सोलापुरापासून जवळच असलेल्या अक्कलकोट संस्थानात कारभारी म्हणून काम पाहिले, नंतर कोल्हापूर संस्थानात न्यायाधीशाचे काम केले आणि १८६८ पासून एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केले. १८७१ च्या नोव्हेंबरात त्यांची नेमणूक पुण्यास सबजज्ज म्हणून झाली. सार्वजनिक सभेची स्थापना तेथे आदल्याच वर्षी, २ एप्रिल १८७० रोजी, झालेली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपल्या सर्वांचे सार्वजनिक काका, हे तिचे हातपाय होते. माधवराव सरकारी नोकर असल्यामुळे पुढे न येता तिचे मार्गदर्शक झाले. १८७३ साली पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांचा रमाबाईंशी विवाह झाला. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला म्हणून त्यांच्यावर टीका झाली, व ती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. पुढे रमाबाईंना त्यांनी स्वतः शिकविले, दौऱ्यावर बरोबर नेले, आणि त्या माउलीने स्त्रीशिक्षणाचे व सेवेचे केवढे काम उभारले हे सर्वश्रुत आहे.

आता ज्या संकटातून माधवरावांचे हे काम निर्माण झाले, त्याकडे वळू.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडात येईनासा झाला. त्यामुळे आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. भाव चढला तशी जमिनीची किंमत चढली, आणि जमिनीची किंमत चढली तशी शेतकऱ्याची पतही चढली. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले व शेतकरी ते घेऊ लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. कर्ज मात्र जेथल्या तेथे राहिले. त्याच सुमारास, १८६७ पासून, इंदापूर तालुक्यापासून आरंभ करून सरकारने जमीनमहसुलाची नवी आकारणी सुरू केली व सारा वाढविला. सारा रोख भरावयाचा आणि तोही ठरलेल्या हप्त्याला. मग पीक घरात येवो अगर न येवो. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण मुलखात, जेथे सारी भिस्त परतीच्या पावसावर व रब्बीच्या जोंधळ्यावर, तेथे या नियमाचा अर्थ दरसाल सावकाराच्या ओट्यावर जाणे हाच होता.

या कर्जाची वाढ कशी होत असे, ते एका साध्या उदाहरणाने कळेल. शंभर रुपये दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याजाने घेतले असे समजा. त्या काळच्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा करणे भाग असे. म्हणून तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई, आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून मांडले जाई. पहिल्या तीन वर्षांनी शंभराचे एकशे बहात्तर झाले. सहा वर्षांनी ते दोनशे शहाण्णव झाले. नऊ वर्षांनी पाचशे नऊ झाले. मध्यंतरी कुळाने एक कवडीही नवी उचललेली नाही. आपल्या जुन्या रिवाजात दामदुप्पट व कणतिप्पट अशी मर्यादा होती. म्हणजे रोख कर्ज असेल तर दुपटीहून अधिक व धान्याचे असेल तर तिपटीहून अधिक एका वेळी वसूल करू नये. पण दर खेपेस नवा कागद झाल्यामुळे दरवेळी मुद्दलच नवे ठरे आणि ती मर्यादा कागदावर राही. कर्जदाराला वाचता येत नसे. रोख्यात काय लिहिले आहे हे त्याला अंगठा उठविल्यानंतर कित्येक वर्षांनी, जप्ती दाराशी आली म्हणजे कळे.

दिवाणी न्यायालयांची स्थितीही याला पूरक होती. समन्स लागले तरी कुळ भीतीने, वा वकिलाला द्यावयास पैसा नसल्याने, न्यायालयात जात नसे. बहुसंख्य हुकूमनामे एकतर्फी होत. रोखा खरा आहे एवढे सिद्ध झाले की न्यायाधीशाचे काम संपे. त्या रोख्यामागे मूळ रक्कम किती होती हे विचारण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. हुकूमनाम्यापाठोपाठ जमीन व चीजवस्तू यांची जप्ती होई, आणि तेवढ्याने न भागले तर कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येई. या भयाने कुळ काय वाटेल ते लिहून देई. जमीन व राहते घर यांचे गहाणखत होई, आणि आपल्याच वावरात आपण सावकाराचे खंडकरी होऊन राबण्याची पाळी येई.

ता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी लोकांच्या सहनशीलतेचा अंत झाला. तेथून दंग्याचा वणवा पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला. या दंग्यांत एक गोष्ट विशेष दिसून आली. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे व खाती हस्तगत करून जाळणे हाच त्यांचा बहुतेक ठिकाणी हेतू होता. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. इतक्यात १८७६-७७ चा भीषण दुष्काळ कोसळला. सोलापूर जिल्हा त्यात अगदी होरपळून निघाला. १८७२ व १८८१ या दोन शिरगणत्यांच्या दरम्यान जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी मोठ्या प्रमाणात घटली, यावरून त्या आपत्तीची कल्पना करता येईल. सार्वजनिक सभेने दुष्काळी जिल्ह्यांची माहिती गोळा करून सरकारला अर्जांमागून अर्ज पाठविले, व त्या लेखनामागे माधवरावांची बुद्धी होती.

या सर्वांची परिणती म्हणजे १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा. तो त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांत अमलात आला. या कायद्याची कलमे वाचताना आजही आश्चर्य वाटते. कर्जाच्या दाव्यात न्यायाधीशाने केवळ रोखा पाहून न थांबता व्यवहाराचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास तपासावा; प्रतिवादी कुळाची स्वतः साक्ष घ्यावी; मुद्दल व व्याज यांची खाती निरनिराळी मांडावी; चक्रवाढीचा करार असला तरी तो मानू नये; कुळाने दिलेली रोकड, धान्य, एवढेच नव्हे तर केलेली चाकरी यांचीही पैशात किंमत करून ती त्याच्या नावे जमा धरावी; आणि ही जमा प्रथम व्याजात व उरेल ती मुद्दलात वळती करावी. गहाण जमीन सावकाराच्या ताब्यात असेल व तिचे उत्पन्न व्याजापोटी परस्पर खाल्ले जात असेल, तर त्या उत्पन्नाचाही हिशेब द्यावा लागे. कर्ज फेडण्यास न्यायालय हप्ते बांधून देई. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. जी स्थावर मिळकत स्पष्टपणे गहाण दिलेली नाही, तिची जप्ती व विक्री बंद झाली. दाव्याची मुदत वाढवून साध्या कागदाला सहा वर्षे व नोंदलेल्या दस्तऐवजाला बारा वर्षे केली, जेणेकरून तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेण्याचे निमित्त उरू नये. शेतकऱ्याचे दस्तऐवज गावनोंदणी कामगारासमोर व्हावेत, दाव्यापूर्वी दोन्ही पक्षांनी समेट करून देणाऱ्या गृहस्थांपुढे जावे, अशीही तजवीज होती. आपसांतील तंटे लवादामार्फत मिटविण्याची खटपट सार्वजनिक काकांनी पुण्यात आधीच केलेली होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

वर जे शंभर रुपयांचे उदाहरण घेतले, तेच या नव्या हिशेबात घालून पाहावे. कुळाने दरसाल वीस रुपयांची ज्वारी सावकाराच्या घरी टाकली आणि न्यायालयाने दरसाल दरशेकडा नऊ हा रास्त दर धरला असे समजू. पहिल्या वर्षी नऊ रुपये व्याजात गेले व अकरा मुद्दलात. मुद्दल एकोणनव्वद राहिले. असे करीत गेल्यास सातव्या वर्षी कर्ज संपूर्ण फिटते. जुन्या रीतीने मात्र ती ज्वारी कोठे जमा झाली हे कोणालाच सांगता येत नसे. कर्ज तेच, कुळ तेच, सावकारही तोच. हिशेबाच्या रीतीने मात्र एका ठिकाणी घर जाते व दुसऱ्या ठिकाणी घर राहते.

कायदा झाला तेव्हा माधवराव कोठे होते? ते सरकारच्या संशयाचे धनी झाले होते. सार्वजनिक सभेच्या कार्यामुळे त्यांच्यावर वरिष्ठांची वक्रदृष्टी होतीच. १८७८ साली त्यांची बदली नाशिकला झाली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांचे बंड व पुण्यातील बुधवारवाड्याची व विश्रामबागवाड्याची आग या घटना घडल्या आणि त्यांना आणखी दूर, धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांची खाजगी पत्रेसुद्धा उघडून पाहिली जात. या अपमानाचा त्यांनी कोठे गवगवा केला नाही, की कामात कुचराई केली नाही. त्याच काळात ते सभेच्या त्रैमासिकात या कायद्याची व जमीनविक्रीच्या प्रश्नाची चिकित्सा करीत होते. अखेर सरकारचा संशय फिटला व १८८१ साली या नव्या कायद्याखाली त्यांची नेमणूक स्पेशल जज्ज डॉ. पोलन यांचे सहायक म्हणून झाली. तीन वर्षे ते काम केल्यावर ते पुण्यास स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले. मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी काम केले. १८८६ साली हिंदुस्थान सरकारच्या अर्थसमितीवर ते गेले. १८८७ साली ते स्वतः स्पेशल जज्ज झाले, आणि १८९३ पर्यंत चारही जिल्ह्यांचा भार त्यांच्यावर होता.

या हुद्द्याचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. गरीब शेतकऱ्याला अपिलाचा खर्च झेपत नाही आणि श्रीमंत सावकार अपिलावर अपील करून त्याला दमवितो, हा अनुभव असल्यामुळे या दाव्यांत नेहमीचे अपील ठेवलेले नव्हते. त्याऐवजी जिल्हा न्यायाधीशाने व स्पेशल जज्जाने कनिष्ठ न्यायालयांचे कागद स्वतः तपासावेत व चूक आढळल्यास ती दुरुस्त करावी, अशी योजना होती. म्हणजे पंढरपूर, बार्शी, करमाळे, सांगोले अशा तालुक्यांतील माणसाला पुण्याची वाट तुडवावी लागू नये, न्यायाधीशानेच हिंडावे. माधवरावांचे वर्षातील कित्येक महिने या फिरतीत जात. बैलगाडीचा प्रवास, कधी तंबू तर कधी गावातील एखादी जागा, हाच संसार. रमाबाई बरोबर असत. दिवसभर न्यायालयाचे दप्तर तपासावे व संध्याकाळी गावातील मंडळींची गाठ घेऊन शाळा, वाचनालय, पाणी, रोगराई यांची चौकशी करावी, असा त्यांचा क्रम असे. अधू दृष्टीच्या या माणसाने हे किती वर्षे, किती चिकाटीने केले, याचा विचार केला म्हणजे मस्तक नम्र होते. व्याख्यानाला टाळ्या मिळतात. पण करमाळ्याच्या एखाद्या कुळाच्या खात्यात दहा मण ज्वारी जमा धरावयाची राहिली आहे, हे शोधून काढणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. त्या कुळाची जमीन मात्र राहते.

तथापि माधवराव भाबडे नव्हते. सावकार म्हणजे राक्षस व कर्जदार म्हणजे देवता असे त्यांनी कधी मानले नाही. पेरणीला बी, बैलाला पैसा आणि साऱ्याला रोकड पुरविणारा गावात दुसरा कोणी नाही, तोवर सावकारावाचून गावगाडा चालणार नाही हे ते जाणून होते. जमीन काही अंशी भांडवलवाल्या व उद्योगी लोकांकडे जाणे हे आर्थिक प्रगतीचेच अंग आहे, असेही मत त्यांच्या लिखाणात आढळते. आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका करणारे अभ्यासक आजही आहेत. परंतु जमीन जावयाची असेल तर ती खऱ्या हिशेबाने जावी, फसवणुकीने जाऊ नये, हा त्यांच्या न्यायबुद्धीचा आग्रह होता.

कायद्यातील उणिवाही लवकरच उघड झाल्या. गहाणाचा हिशेब उघडला जातो असे दिसताच कित्येक सावकार गहाणखत लिहून घेईनासे झाले. ते सरळ खरेदीखत करून घेत, आणि पैसे परत केल्यास जमीन परत देऊ असे तोंडी आश्वासन देत. आश्वासन हवेत विरून जाई व खरेदीखत कायम राही; कारण लेखी दस्तऐवजाविरुद्ध तोंडी पुरावा चालत नसे. ही पळवाट बंद करणारे कलम १९०७ साली आले, तेव्हा माधवराव हयात नव्हते. दुसरे असे की, वसुलीची खात्री कमी झाली तशी छोट्या कुळाला नवे कर्ज मिळणे कठीण होऊ लागले. तिसरी उणीव आपल्या शहराच्या दृष्टीने फार मोठी होती. कायद्याचे संरक्षण ज्याची उपजीविका मुख्यतः शेतीवर त्यालाच होते. सोलापुरात त्या काळी हातमागावर पोट भरणारी कितीतरी कुटुंबे होती, आणि १८७० नंतरच्या दशकात येथे पहिली कापडगिरणी उभी राहून कामगारवस्ती वाढू लागली होती. विणकराचे घर, कोष्ट्याचा माग, कामगाराची झोपडी यांचे गहाण मात्र जुन्याच रिवाजाने चालत राहिले.

या उणिवा माधवरावांना दिसत होत्या. म्हणूनच कायद्याने जुना हिशेब साफ केला तरी नव्या, स्वस्त व सचोटीच्या कर्जाची सोय झाल्यावाचून रोग बरा होणार नाही, हे ते सतत सांगत राहिले. त्यांचे स्नेही सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना पुढे आणली होती. विलायतेच्या सरकारने ती मंजूर केली नाही. १८९१ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत माधवरावांनी स्थावर तारणावरील कर्जाच्या पुनर्घटनेविषयी निबंध वाचला. त्यात जर्मनी, हंगेरी, इटली इत्यादी देशांत जमिनीच्या तारणावर दीर्घ मुदतीने व थोड्या व्याजाने कर्ज देणाऱ्या संस्था कशा चालतात, याचे सविस्तर विवेचन आहे. कर्ज पुष्कळ वर्षांच्या लहान लहान हप्त्यांनी फिटावे व व्याज बाजारभावाहून कमी असावे ही कल्पना आज आपणांस अगदी परिचयाची आहे. त्या काळी ती येथे नवी होती.

१८९३ साली न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचे अकाली निधन झाले व त्यांच्या जागी मुंबईच्या उच्च न्यायालयावर माधवरावांची नेमणूक झाली. त्यानंतरही लेखन, सामाजिक परिषद व सार्वजनिक कार्य अखंड चालू होते. ता. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. वयाची एकोणसाठ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले होते.

त्यांच्या मागे त्यांचा विचार मात्र वाढत गेला. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. १९०५ साली कर्जनिवारणाच्या कायद्याचा मुख्य भाग साऱ्या मुंबई इलाख्याला लागू झाला. १९३५ साली प्रांतिक सहकारी भूतारण बँक निघाली. १९३९ साली कर्जनिवारणासाठी नवा कायदा होऊन कर्ज तडजोड मंडळांची तजवीज झाली, आणि १९४७ च्या कायद्याने १८७९ चा जुना कायदा निवृत्त झाला. १९७५ सालच्या महाराष्ट्राच्या कर्जमुक्तीच्या कायद्याने अल्पभूधारकांबरोबर ग्रामीण कारागीर व कामगार यांनाही संरक्षण दिले, तेव्हा विणकराला वगळणारी ती जुनी उणीव काही अंशी भरून निघाली. भूतारण बँकांचा शेवट मात्र चांगला झाला नाही. त्यांचेच पुढे भूविकास बँका असे रूप झाले, थकबाकीने त्या डबघाईस आल्या आणि अखेर बंद पडल्या. कर्ज देणारी संस्था चांगली असून भागत नाही. तिचा हिशेबही चांगला राहावा लागतो, हा बोध त्यातून घ्यावयाचा आहे.

आता आजच्या स्थितीकडे पाहू. आज सावकाराच्या ओट्याची जागा बँकेने व गृहवित्त संस्थांनी घेतली आहे. शेतकऱ्यापेक्षा शहरातील घरमालक हा मोठा कर्जदार झाला आहे. सोलापूरलगत कुंभारी येथे आधी विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत झाली आणि नंतर असंघटित कामगारांची रे नगर वसाहत उभी राहिली, जिच्यातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या हाती देण्यात आली. ज्यांच्या आजोबांना घर ठाऊक नव्हते, त्यांच्या नातवंडांना दार लाभले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु कर्ज काढून घेतलेल्या घराबरोबर हप्ताही येतो. आणि काम सुटले, आजार आला की पहिली ठेच हप्त्यालाच लागते.

अशा वेळी माधवरावांनी पाहिलेलेच प्रश्न नव्या वेषात पुढे येतात. २०२० साली महामारीत व्यवहार बंद पडले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. पण त्या सहा महिन्यांच्या व्याजावर व्याज आकारावयाचे काय, हा प्रश्न निघाला. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना चक्रवाढ व सरळ व्याजातील फरक सरकारने भरून दिला, आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मुदतीचे व्याजावरील व्याज कोणाकडूनही घेऊ नये असा निर्णय दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी असा नियम घातला की, हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळू नये व त्या दंडावर पुन्हा व्याज लावू नये. मुद्दल निराळे, व्याज निराळे व दंड निराळा मांडावा, हे सूत्र पंढरपूर-बार्शीच्या सबजज्जांची दप्तरे तपासताना माधवरावांच्या हाती होते तेच आहे.

म्हणून हे चरित्र वाचून आपण काय उचलावे, ते थोडक्यात सांगतो. हप्ता थकला म्हणजे आपल्याकडे माणूस लाजेने घरात बसतो, भावकीत कळू नये म्हणून झाकतो, आणि जुने कर्ज भागविण्यासाठी दामदुपटीने नवे काढतो. एकतर्फी हुकूमनाम्याच्या काळातील कुळ असेच घरी बसत असे, आणि त्याचे घर त्या बसण्यानेच जाई. आज गहाण घरावर जप्ती आणण्यापूर्वी बँकेला साठ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्या मुदतीत कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर पंधरा दिवसांत बँकेने तिचे उत्तर द्यावे लागते. आणि पुढे ताबा घेण्याची कारवाई झालीच तर पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. हे दिवस रडण्यात घालवू नयेत. पहिली पत्रिका येताच बँकेत जावे, खात्याचा संपूर्ण उतारा मागावा, मुद्दल, व्याज व दंड निरनिराळे करून पाहावे, आणि हप्ता लहान करून मुदत वाढवून मिळते काय हे लेखी विचारावे. गहाण म्हणून दिलेल्या मिळकतीचे खरेदीखत कोणी मागू लागला तर ते कदापि करून देऊ नये. विनापरवाना सावकाराने अशा रीतीने मिळकत बळकावली असेल, तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारीविषयक कायद्याने सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे तक्रार करण्याचा मार्ग खुला आहे. आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी अशा कुटुंबासोबत बसून त्याचा उतारा वाचून दाखविला, तरी ते माधवरावांचेच काम पुढे चालविणे होईल.

माधवरावांनी कोणाचे कर्ज बुडवू दिले नाही व कोणाचे घर खोट्या हिशेबाने जाऊ दिले नाही. कर्ज फेडणे हा धर्म खरा. पण जेवढे घेतले तेवढ्याचे, रास्त व्याजासह व झेपेल अशा हप्त्याने फेडणे, हीच त्या धर्माची मर्यादा. ही मर्यादा राखण्यासाठी अधू डोळ्यांनी आयुष्याची नऊ वर्षे कागद वाचणाऱ्या त्या सत्पुरुषाच्या पुण्यस्मृतीस आमचे विनम्र अभिवादन असो.